जगाला नर्स हव्यात, मग नर्स आझाद मैदानात का बसतात?

दादर स्टेशनातून फुलबाजाराच्या बाजूला उतरलं की हातात पत्रकं कोंबणारी पोरं उभी असतात. पूर्वी घरबसल्या कमाईची, नाहीतर मूळव्याधीवरच्या हमखास इलाजाची पत्रकं मिळायची. २०२५च्या जुलैत मला मिळालं ते जर्मन भाषेच्या क्लासचं होतं. नर्सिंग झालेल्यांना फीमध्ये खास सवलत, परीक्षा पास होताच जर्मनीतल्या रुग्णालयात नोकरी, आणि खाली बर्फातल्या कौलारू घरांचं चित्र.

त्याच महिन्यात, तिथून फास्ट लोकलने पंधरा मिनिटांवर, आझाद मैदानात राज्य सरकारच्या रुग्णालयांतल्या परिचारिका धरणं धरून बसल्या होत्या. वेतनश्रेणीतल्या त्रुटी दूर करा, कंत्राटी भरती नको, या मुख्य मागण्या. अशाच भरतीविरुद्ध त्या २०२२च्या मे महिन्यातही संपावर गेल्या होत्या. आणि २०२५च्या या संपाच्या दोनच महिने आधी जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला होता, की जगात ५८ लाख नर्स कमी आहेत.

बाजारात कांदा कमी पडला की त्याचा भाव आपोआप चढतो. मग सगळ्या जगाला ज्यांची चणचण आहे त्यांना भाव मागायला मैदानात का बसावं लागतं? माझ्या आत्याने मुंबईतल्या एका रुग्णालयात चौतीस वर्षं नोकरी केली आणि परिसेविका म्हणून, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून ती निवृत्त झाली. तिला विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "नर्स कमी नाहीत रे, नर्सच्या जागा कमी आहेत." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो.

आधी, नर्स कोणाला म्हणायचं?

रुग्णालयात आपण पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यांतल्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. त्यात सगळ्याच नर्स नसतात. नर्स म्हणजे दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग यांपैकी एखादा अभ्यासक्रम पुरा करून आपल्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलेली व्यक्ती. व्यक्ती म्हटलं, कारण वॉर्डात ‘ब्रदर’ही असतात, पण जगभरात नर्सपैकी ८५ टक्के बायकाच आहेत.

भांडं देणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या मावशी वेगळ्या. ब्युरोकडून बारा तासांसाठी येणारी, आजोबांना सांभाळणारी बाई वेगळी. गल्लीतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकलेली, सराईतपणे सलाईन लावणारी मुलगीही कागदोपत्री नर्स नसते. या सगळ्यांचं काम मोलाचं आहे, पण त्यांना एकाच नावाने हाक मारल्यामुळे एक घोटाळा होतो. वॉर्डात खऱ्या नर्स किती आहेत हे आपल्याला दिसतच नाही. ‘सिस्टर होत्या की चार-पाच’ असं आपण घरी येऊन सांगतो, आणि त्यात नोंदणी झालेली एखादीच असते.

५८ लाखांचा आकडा कसला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. २०२०मध्ये तूट ६२ लाखांची होती. २०३०पर्यंत ती ४१ लाखांवर येईल असा अंदाज आहे. म्हणजे तूट हळूहळू भरून येते आहे. मथळ्यांत हे फारसं आलं नाही.

खरी मेख वाटपात आहे. जगातल्या ७८ टक्के नर्स ज्या देशांत आहेत तिथे जगाची निम्मीच, ४९ टक्के लोकसंख्या राहते. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. सातही तलाव काठोकाठ भरल्याची बातमी येते आणि टेकडीवरच्या वस्तीत नळाला पाणी अर्धाच तास असतं. तलावाचा आकडा आणि नळाचा आकडा यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.

इथे दोन शब्द वेगळे करून ठेवू: गरज आणि मागणी. गडचिरोलीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात आणखी दोन नर्स असायला हव्यात, ही गरज. पण सरकारने त्या दोन पदांना मंजुरी दिली नसेल, पगाराची तरतूद केली नसेल, तर ती मागणी नाही. जाहिरातच निघणार नाही, मग अर्ज कोण आणि कशाला करेल? उलट जर्मनीत हजार लोकांमागे साधारण बारा नर्स आहेत, भारतात साधारण दोन. तरीही जर्मनी ‘नर्स द्या हो’ म्हणून जगभर फिरते, कारण तिथे म्हातारी माणसं वाढली आहेत, पदं मंजूर आहेत आणि पगाराला पैसे आहेत. तिच्याकडे मागणी आहे. आपल्याकडे गरज आहे.

दोन्हींना आपण ‘टंचाई’च म्हणतो. पावसाळ्यात मलेरियालाही ताप येतो आणि डेंग्यूलाही, पण म्हणून दोघांना एकच गोळी देत नाहीत. इथे मात्र दोन्ही तापांवर एकच औषध सुचवलं जातं: आणखी कॉलेजं काढा.

भारताच्या ‘हजारी दोन’ आकड्यातही पाणी आहे. देशात तीस लाखांहून जास्त नर्सची नोंदणी आहे असं सांगितलं जातं. पण नोंदणी एकदा झाली की नाव वहीत राहतं. लग्नानंतर नोकरी सोडलेली, शारजाला गेलेली, कंटाळून विमा विकायला लागलेली, क्वचित वारलेलीसुद्धा त्यात असू शकते. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दहा वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेल्यांची नावं असतात ना, तसं. म्हणूनच इंडियन नर्सिंग कौन्सिलने चालू कामावर असलेल्यांची वेगळी ‘लाइव्ह रजिस्टर’ नोंद सुरू केली.

एका खुर्चीला चार माणसं

आता आत्याचा आवडता हिशेब. ती तो सरकारी बाबूंना समजावून थकली असेल, पण घरात सगळ्यांना पाठ आहे.

समजा ३० खाटांचा वॉर्ड आहे आणि एका वेळी सहा रुग्णांमागे एक नर्स ठेवायची. म्हणजे पाच नर्स. किती सोपं! पण वॉर्ड काही बँकेसारखा चारला बंद होत नाही. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या, झाल्या पंधरा. त्या पंधराजणींना आठवड्याची सुट्टी आहे, सणवाराच्या सुट्ट्या आहेत, आजारपण आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी एक नर्स साधारण २६५ ते २७० दिवस कामावर असते. म्हणून नियमांत तीस टक्के जादा माणसं धरायला सांगतात, रजेची राखीव म्हणून. पंधराचे झाले वीस. एका वॉर्डात पाच नर्स दिसाव्यात म्हणून वीस नर्स पगारावर असाव्या लागतात. एका खुर्चीला चार.

पदं कापताना पहिली कात्री लागते ती या राखिवीला. कागदावर पंधरा दिसतात आणि पंधरा पुरेशा वाटतात. मग दोघी बाळंतपणाच्या रजेवर जातात. कायद्याने ती रजा २६ आठवड्यांची, म्हणजे सहा महिन्यांची आहे, आणि बहुतेक तरुण बायकांच्या पेशात दोघीजणी रजेवर असणं हे काही अकस्मात आलेलं संकट नव्हे. पण बदली कुणी येत नाही. तिसरीला डेंग्यू होतो. मग रात्रपाळीला पाचऐवजी दोघी उरतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकाऊ डॉक्टरांच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक असं आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रात्री दहानंतर जनरल वॉर्डात एकदा डोकावून बघा, आणि मोजा. खाटांखाली गाद्या टाकून झोपवलेले रुग्णही मोजा.

मग हे वॉर्ड चालतात कसे? नातेवाइकांमुळे. रुग्णाला कूस वळवायला, भरवायला, संडासला न्यायला, रक्ताची बाटली आणायला, रिपोर्ट या खिडकीवरून त्या खिडकीवर न्यायला घरचं एक माणूस बसलेलं असतं. हे माणूस आपली रोजंदारी बुडवून बिनपगारी नर्सचं काम करतं, आणि त्यामुळे तूट कुठल्याच आकड्यात येत नाही. कोविडमध्ये नातेवाइकांना वॉर्डात बंदी झाली आणि हे उघडं पडलं. बीकेसीच्या मैदानात हजार खाटांचं केंद्र काही आठवड्यांत उभं राहिलं. तंबू, ऑक्सिजनच्या नळ्या, पंखे, सगळं. पण मे २०२०मध्ये महाराष्ट्राला केरळ सरकारकडे ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० नर्स मागाव्या लागल्या. खाट विकत मिळते. नर्स घडायला तीन-चार वर्षं लागतात आणि तयार झालेली आधीच कुठेतरी ड्यूटीवर असते.

दोन पेशंट वाढले म्हणून असं काय बिघडतं?

हा प्रश्न आडवळणाने सगळेच विचारतात. थोडी ओढाताण होईल, सांभाळून घ्या. इथे मात्र अभ्यास आहेत आणि ते चांगलेच ठणठणीत आहेत.

लिंडा एकेन या अमेरिकन संशोधिकेने पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. २००२ साली छापून आलेला निष्कर्ष असा: नर्समागे सरासरी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. बारा वर्षांनी युरोपातल्या नऊ देशांत तसाच अभ्यास झाला. तिथेही उत्तर आलं ७ टक्के.

असं का व्हावं, हे मला आईच्या ऑपरेशननंतर कळलं. तिसऱ्या रात्री ती अस्वस्थ होती, चादर सारखी ओढत होती. मला वाटलं, उकडतंय. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. फेरीला आलेल्या सिस्टरने कपाळावर हात ठेवला, श्वास मोजला, लघवीच्या पिशवीकडे बघितलं आणि काही न बोलता चालू लागली. पाच मिनिटांत डॉक्टर खाली आले. शरीरात जंतुसंसर्ग पसरायला लागला होता. नाडी, श्वास, लघवीचं माप, बोलण्यातला किंचित फरक. यांतली एकही गोष्ट एकटी घाबरवणारी नव्हती. चारही एकत्र बघायला ती आली म्हणून आई आज भांडायला घरात आहे.

ही नजर कमी पडली की जे घडतं त्याला अभ्यासकांचा एक शब्दप्रयोग आहे: ‘वाचवण्यात चूक’. रुग्णाची तब्येत बिघडणं टाळता येत नाही, पण बिघडते आहे हे वेळेत न कळणं टाळता येतं. रुग्ण कोणत्या रुग्णालयात दगावतो आणि कोणत्यात नाही, यातला बराचसा फरक इथे पडतो. सहा रुग्ण असतील तर तासात प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. वीस असतील तर तीन. तीन मिनिटांत इंजेक्शन देता येतं आणि चार्टवर सही करता येते. कपाळावर हात ठेवायचा राहून जातो, आणि तो राहिला हे कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

मग कॉलेजं वाढवा की!

वाढवताहेत. केंद्राने २०२३च्या अर्थसंकल्पात १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं जाहीर केली, नव्या मेडिकल कॉलेजांना जोडून. १,५७० कोटी रुपये खर्च, वर्षाला साधारण १५,७०० पदवीधर. हे चांगलंच आहे, पण दोन अडचणी आहेत.

पहिली शिकवणाऱ्यांची. पोहायला जसं पाणी लागतं तसं नर्सिंगला रुग्ण लागतात. वर्गात पुतळ्याच्या दंडात इंजेक्शन टोचून शीर सापडायला शिकता येत नाही. एखाद्या कॉलेजमागे पुरेशा खाटांचं चालतं रुग्णालय आणि शिकवायला अनुभवी नर्स नसतील तर बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात प्रमाणपत्र असतं, हाताला वळण नसतं. आत्या म्हणायची, नवीन बॅच आली की पहिले सहा महिने आमचंच काम दुप्पट.

दुसरी अडचण मोठी आहे. फिलिपिन्स हा देश जगाला नर्स पुरवण्यासाठी प्रसिद्ध. तिथे कॉलेजं ढिगाने निघाली, मुली शिकल्या, आणि मग एक विचित्र चित्र दिसू लागलं: गावातल्या दवाखान्यात नर्स नाही आणि नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी मनिलातल्या कॉल सेंटरमध्ये. पदवीधर होते, पदं नव्हती. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही हेच चालू आहे. श्रीमंतांनाही ते चुकलेलं नाही. २०२५मध्ये ब्रिटनमध्ये नव्याने पास झालेल्या नर्सना नोकरी मिळेना, कारण रुग्णालयांकडे पदं भरायला पैसे नव्हते. आणि वॉर्डांत मात्र नर्स कमीच होत्या.

टाकीला भोक असताना मोटर जास्त वेळ चालवली तर पाणी वाढतं, नाही असं नाही. पण बिल कोणाचं येतंय आणि पाणी कोणाच्या अंगणात जातंय, हे एकदा गच्चीवर चढून बघायला हवं.

भोक कुठे आहे?

पगारापासून सुरुवात करू. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या तुटपुंज्या पगाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. तिने सांगितलं की दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयाने राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही तो महिना २० हजारांखाली नसावा. या होत्या शिफारशी. त्यांचं काय करायचं ते राज्यांवर होतं. आजही जीएनएम होऊन खासगीत लागलेल्या मुलीला विचारा आणि मग त्या रुग्णालयाच्या दारात गाड्या लावणाऱ्या माणसाला विचारा. दोन्ही उत्तरांत फार अंतर पडत नाही.

सरकारी नोकरीत कायम झालं तर पगार बरा आहे. म्हणून तर कंत्राटी भरतीवर इतका राग. त्याच वॉर्डात, त्याच पाळीला, तेच काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला पेन्शन आणि दुसरीला अकरा महिन्यांचा करार. कंत्राटातली दुसरी काय करते? चांगलं शिकते आणि संधी मिळताच निघून जाते. तिच्या जागी आलेल्या नवीला पुन्हा शिकवायचं.

पगाराइतकंच जिव्हारी लागणारं बाकीचं आहे. रात्रपाळी संपवून बदलापूरला पोहोचायला दहा वाजतात, तोवर घरातली दुसरी पाळी सुरू झालेली असते. रुग्ण दगावला की जमाव आधी धावून जातो तो समोर उभ्या असलेल्या सिस्टरवर, कारण डॉक्टर तिथे नसतात. सुरक्षिततेचं नाव काढलं की मुंबईत प्रत्येक नर्सला एकच नाव आठवतं. १९७३मध्ये परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच अरुणा शानबाग या तरुण नर्सवर अमानुष हल्ला झाला. २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि केईएमच्या नर्सच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना कधी चालताबोलता पाहिलं नव्हतं, अशांनीही. २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेतली. महिनाभर घरात अंथरुणावरच्या माणसाची सेवा ज्याने केली आहे, त्याला ४२ वर्षं म्हणजे काय ते कळेल.

उलट बाजूने विचार करणाराही एक अभ्यास आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेत नर्सची मोठी टंचाई असताना तिथल्या नर्सिंग अकादमीने ‘नर्स का जातात’ हे न विचारता ‘कुठे टिकतात’ हे विचारलं. १९८३च्या त्या पाहणीत १६३ पैकी ४१ रुग्णालयं अशी सापडली, जिथे चणचण आजूबाजूला असूनही नर्स सोडून जात नव्हत्या. लोहचुंबकासारखी धरून ठेवणारी, म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ नाव पडलं. तिथे काय वेगळं होतं? वॉर्डात पुरेशी माणसं होती, नर्सच्या निरीक्षणाला डॉक्टर किंमत देत होते, आणि नर्सिंगचे निर्णय नर्सच घेत होत्या. आपल्याकडे चौतीस वर्षांच्या अनुभवाच्या परिसेविकेला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर ‘ए सिस्टर’ म्हणतो. बदलायला यात एक रुपयाही लागत नाही.

परदेशी जाणाऱ्यांना अडवायचं का?

सरकारी पैशाने शिकायचं आणि सेवा गोऱ्यांची करायची, असा सूर आपल्याकडे लगेच लागतो. (गंमत म्हणजे आयआयटीतून अमेरिकेला गेलेल्या भाच्याबद्दल तो लागत नाही.) फिलिपिन्सने अडवून पाहिलं. कोविडमध्ये २०२०ला नर्सना देश सोडायला बंदी घातली, मग वर्षाला ५,००० जणींची मर्यादा ठेवली, ती पुढे वाढवत न्यावी लागली. देशातल्या पगाराचं आणि पदांचं गणित तेच राहिलं, तर दारावर कडी लावून उपयोग नसतो.

पण ‘जाऊ द्या, पैसे घरी पाठवतात’ हेही पूर्ण उत्तर नाही. जगातल्या दर सात नर्सपैकी एक जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्के आहे. म्हणजे श्रीमंत देशांच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या नर्सच्या जन्मापासूनच्या पोषणाचा आणि बहुतेकींच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्या कुणीतरी केलेला आहे. यावर जागतिक आरोग्य संघटनेची २०१०पासून एक आचारसंहिता आहे, आणि जिथून नर्स उचलू नयेत अशा देशांची यादीही. २०२३च्या यादीत ५५ देश आहेत. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ त्यात आहेत. भारत नाही. म्हणून भरती करणाऱ्यांचा मोर्चा आपल्याकडे वळतो. संहिता पाळणं ऐच्छिक आहे, हेही जाता जाता सांगायला हवं.

महाराष्ट्राने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. मला विचाराल तर करारात दोष नाही. दोष आहे तो भाव न करता माल देण्यात. आमच्या मुली हव्यात तर आमच्या कॉलेजांत शिक्षिका घडवायला पैसे द्या, परत येणारीचा तिथला अनुभव इथल्या नोकरीत धरला जाईल अशी सोय दोघांनी मिळून करा, हे मागण्याची ताकद आज आपल्याकडे आहे, कारण गरजू ते आहेत.

यंत्रं करतील की हे काम

काही करतील. रक्तदाब आपोआप नोंदवणारी, सलाईन संपत आली की शिट्टी मारणारी यंत्रं आहेतच आणि ती नर्सचा वेळ वाचवतात. पण शिट्टी वाजल्यावर तिथे जायला माणूस लागतो. अतिदक्षता विभागात शिट्ट्या इतक्या वाजतात की कान त्या ऐकेनासे होतात. नोंदवह्या भरायचं काम संगणकाने घेतलं तर फार बरं होईल, कारण नर्सचा मोठा वेळ लिहिण्यातच जातो. कूस वळवणारा यंत्रमानव येईल तेव्हा येवो.

आणि पैसा कुठून आणायचा?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६मध्ये काही रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक नर्स असं प्रमाण कायद्याने बांधून दिलं. २०२१मध्ये त्याचा हिशेब छापून आला. जादा नर्सवर जेवढा खर्च झाला, त्याच्या दुपटीहून जास्त पैसे वाचले. रुग्ण लवकर घरी गेले आणि पुन्हा दाखल व्हायला कमी आले. कॅलिफोर्नियात असा कायदा २००४पासून लागू आहे.

हे श्रीमंतांचे चोचले वाटतील. मग मलावीचं बघा. जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक. २००४पासून त्याने परदेशी मदतीतून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घातली आणि जोडीने प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. सहा वर्षांत कर्मचारी निम्म्याहून जास्त वाढले. परदेशी मदत साधारणपणे इमारतींना आणि यंत्रांना मिळते, कारण त्यांच्यावर पाटी लावता येते. पगाराला पाटी नसते. मुंबईतही नव्या रुग्णालयाच्या इमारतीचं उद्घाटन होतं, त्यातली पदं भरल्याचं उद्घाटन झालेलं मी पाहिलेलं नाही.

आत्याच्या खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी जीएनएम झाली आहे. दोन वर्षं एका खासगी रुग्णालयात काढून आता दादरला जर्मनच्या क्लासला जाते. परवा पेढे घेऊन वर आली. बी-वन पातळीची परीक्षा पास झाली होती. आत्याने पेढा तोंडात टाकला, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तिकडे एका पाळीला किती पेशंट देतात?"

मुलीला पगार माहीत होता, शहराचं नाव माहीत होतं. तिथे गेल्यावर आपली पदवी मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून राबावं लागेल, हेही माहीत होतं. हे मात्र क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मी मोबाइलवर शोधलं. पंधराएक वर्षांपूर्वी युरोपातल्या बारा देशांत पाहणी झाली होती. नॉर्वेत एका नर्समागे पाच-साडेपाच रुग्ण होते. जर्मनीत तेरा.

"म्हणजे आमच्या दुपारपाळीसारखंच की," आत्या म्हणाली. मुलीने पिशवीतून जर्मनची वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहून घेतलं: मुलाखतीत विचारणे, एका पाळीला किती पेशंट.